आपाचं वय

हाडांच्या दवाखान्यात फॉर्म भरून घेणाऱ्या मुलीने वर न बघताच विचारलं, "आईंचं वय किती?"

माझ्या शेजारी आपा बसली होती. उजवा हात पदराच्या झोळीत, तोंडावर नेहमीचा निर्विकारपणा.

"बावन्न," मी म्हटलं.

मुलीने आता मान वर केली. आधी माझ्याकडे बघितलं, मग आपाकडे. "तुमचं नाही, पेशंटचं सांगा."

"पेशंटचंच सांगतेय. ती माझी बहीण आहे. तीन वर्षांनी मोठी."

मुलगी बिचारी ओशाळली. सॉरी म्हणाली. आपा हसली आणि माझ्या मांडीवर डावा हात ठेवून पुटपुटली, "जाने दे गे." तिला याची सवय आहे. लग्नकार्यात, रिक्षात, बँकेत लोक तिला माझी आई समजतात. मला मात्र अजून सवय झालेली नाही.

आपाची जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर १ जून १९७३ आहे. १ जून म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊकच आहे. आमच्या पिढीतल्या निम्म्या महाराष्ट्राचा वाढदिवस गुरुजींनी त्याच दिवशी घालून दिलाय. म्हणजे बावन्न हासुद्धा अंदाजच. पण महिना-दोन महिन्यांपलीकडे चूक नसावी, कारण अम्मी सांगायची की आपा झाली तेव्हा दुष्काळाचा शेवट होता आणि मृगाचा पाऊस अजून यायचा होता.

आपा पडली कशी, तर पडलीसुद्धा नाही म्हणता येणार. शाहूपुरीतलं आमचं घर जुनं, उंबरा उंच. पाय अडखळला, तोल सावरायला तिने हात टेकला आणि मनगट मोडलं. डॉक्टर म्हणाले, इतक्या साध्या पडण्याने हाड मोडायला नको. मग ती हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी झाली. तरुण, निरोगी बाईच्या हाडाशी तुलना करून त्यात एक आकडा काढतात. तो उणे अडीच किंवा त्याखाली आला की ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. आपाचा आला उणे ३.१. "ही हाडं सत्तरीतल्या बाईची वाटतात," डॉक्टर म्हणाले. मनात आलं, फॉर्मवाल्या मुलीची नजर तपासणीइतकीच पक्की होती.

मग त्यांनी विचारलं, "पाळी कधी गेली?"

आपा माझ्याकडे बघायला लागली. परक्या पुरुषासमोर हे बोलायची तिला सवय नाही. मीच सांगितलं, "छत्तिसाव्या वर्षी पिशवी काढली."

"अंडाशयंही काढली होती?"

हे आपाला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. तेव्हा कुणी सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही. कागद होते, पण २०१९ च्या महापुरात पंचगंगेचं पाणी इचलकरंजीतल्या तिच्या घरात शिरलं तेव्हा ते गेले. स्वतःच्या पोटात काय आहे आणि काय नाही, हे तिला सोळा वर्षांनी एका मोडलेल्या मनगटाच्या निमित्ताने विचारलं जात होतं.

आपाचं लग्न सतराव्या वर्षी इचलकरंजीत झालं. घरात यंत्रमागाचं काम. दुल्हेभाई बारा-बारा तासांच्या पाळीत मागावर, आपा घरी कांड्या भरायला. मजुरी तुकड्यावर, म्हणजे जेवढ्या कांड्या तेवढे पैसे. पाळी आली, ताप आला, मूल रडलं तर त्या दिवसाचे पैसे गेले. तीन बाळंतपणं आणि एक पडलेलं. पस्तिशीत अंगावर जास्त जायला लागलं, पाठ भरून यायची. एका खासगी दवाखान्यात सांगितलं, पिशवीला सूज आहे, ठेवलीत तर पुढे कॅन्सर होईल. सेठकडून कर्ज काढून ऑपरेशन केलं. तिसऱ्या आठवड्यात ती परत कांड्या भरत होती. आम्हाला सगळ्यांना वाटलं, चला, कटकट गेली. मीही तेच म्हटलं होतं. मी तेव्हा शाळेत शिक्षिका होते, चार पुस्तकं वाचलेली होती, तरीही.

पिशवीबरोबर अंडाशयं गेली की शरीरात तयार होणारं इस्ट्रोजेन एका दिवसात जवळजवळ संपतं, आणि हे हार्मोन हाडांची राखण करतं. अंडाशयं ठेवली तरी अनेक बायकांमध्ये ती वेळेआधी थकतात. पन्नाशीत हळूहळू यायचं ते म्हातारपण पस्तिशीत दारात उभं राहतं.

ही एकट्या आपाची गोष्ट असती तर मी लिहिलं नसतं. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची बातमी गाजली तेव्हा सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२ हजारांहून अधिक बायकांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. एका दिवसाचा खाडा झाला तर दंड, आणि आधीच घेतलेली उचल डोक्यावर. फडात ना आडोसा, ना पाणी, ना कापड बदलायची सोय. अशा ठिकाणी पाळी म्हणजे दर महिन्याचं नुकसान. मग कुणी सांगितलं की काढून टाका, तर बाई हो म्हणते. त्या हो मध्ये तिची मर्जी किती आणि खाड्याचा हिशोब किती, हे कोणत्या तपासणीत दिसणार? आपल्या कोल्हापूरच्या साखर कारखान्यांना याच टोळ्या लागतात, हे आपण सोयीने विसरतो. आणि इचलकरंजीतल्या एका खोलीत कांड्या भरणाऱ्या बाईला ना कोयता, ना मुकादम, तरी हिशोब तोच.

पण आपाची झीज तिथून सुरू झाली असं म्हणणंही अर्धवट होईल. तिची सुरुवात आपाच्या जन्माआधी झाली होती.

आमचं मूळ गाव जत तालुक्यात. ७२ च्या दुष्काळात विहिरी आटल्या, जनावरं गेली, आणि अम्मी-अब्बू दोघंही दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे. अम्मी एकोणीस वर्षांची, पोटात आपा. खायला अमेरिकेहून आलेली लाल मिलो आणि कामावर मिळणारी सुकडी. अम्मी हे हसत सांगायची. मिलोची भाकरी थापताना कशी फुटायची याची नक्कल करायची. पोट नववा महिना लागला तरी लहान होतं, त्यामुळे मुकादमाला कळलंच नाही, असं ती जरा अभिमानानेच सांगायची.

पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये एक अभ्यास सुरू केला. पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या बायकांच्या गरोदरपणाआधीपासून नोंदी ठेवल्या आणि त्यांच्या मुलांचा पुढे वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. या आयांचं सरासरी वजन जेमतेम ४२ किलो होतं. बाळं भरायची साधारण २.७ किलो, तर इंग्लंडमधली सुमारे साडेतीन. पण खरी नोंद पुढे आहे. आपली बाळं हाडा-मांसाने बारीक होती, पण कातडीखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. दिसायला किडकिडीत, आत चरबी. पोटातल्या टंचाईत शरीर जणू मांसाचा खर्च कापतं आणि चरबीची शिल्लक जपतं. अशा शरीराला पुढे मधुमेह लवकर गाठतो. याज्ञिकांनी स्वतःचा आणि लंडनच्या प्रा. युडकिन यांचा एक जोडफोटो २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये छापला होता. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के.

त्याच खेड्यांत आणखी एक गोष्ट दिसली. ज्या आयांच्या खाण्यात पालेभाजी, फळं, दूध होतं त्यांची बाळं मोठी होती; ज्या गरोदरपणातही शेतात आणि पाण्याच्या खेपांत राबत होत्या त्यांची लहान. म्हणजे घागरीचं वजन बाळाच्या वजनातून वजा होत होतं. खडीच्या पाटीचंही झालंच असणार.

आपा बारीक आहे. चाळिशीतच तिला साखर निघाली. तेव्हा माझ्या स्टाफरूममधल्या एक बाई प्रेमाने म्हणाल्या होत्या, "तुमच्यात मटण रोजचंच ना, त्यानेच होतं." कोल्हापुरात राहून दुसऱ्याच्या मटणाला नावं ठेवायची म्हणजे धैर्य लागतं! आपाच्या घरी मटण बकरी ईदला यायचं, तेही वाटपातलं. एरवी चहा-पाव, आमटी-भात. मी बाईंना काही बोलले नाही. आपल्याला असं न बोलायची सवय लागलेली असते, आणि तीही कुठेतरी शरीरात साठतच असेल.

रक्ताचा, जातकुळीचा दोष काढणाऱ्यांसाठी सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालातली एक नोंद सांगते. मुसलमान समाज बऱ्याच बाबतीत मागे, तरी बालमृत्यूचं प्रमाण मात्र देशाच्या सरासरीपेक्षा कमी होतं. पुढे अर्थतज्ज्ञांनी याचं कारण शोधलं, तेव्हा मोठा भाग संडासाच्या वापराचा निघाला. मुसलमान घरांमध्ये संडास वापरण्याचं प्रमाण जास्त होतं आणि शेजारीपाजारीही तसेच राहत होते. रक्ताचा संबंध नव्हता, भिंतीच्या आडोशाचा होता.

नुसत्या भुकेने आणि कष्टानेच माणूस झिजतं असंही नाही. लंडनच्या सरकारी कचेऱ्यांतल्या सुमारे १८ हजार पुरुषांचा अभ्यास १९६७ मध्ये सुरू झाला. मायकेल मार्मट यांचं नाव त्याच्याशी जोडलं गेलं. हे सगळे खुर्चीत बसून काम करणारे, कुणी उपाशी नाही, कुणी खडी फोडत नाही. तरी सर्वांत खालच्या श्रेणीतल्यांमध्ये हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण वरच्या साहेबांच्या जवळजवळ तिप्पट निघालं. सिगारेट, रक्तदाब, कोलेस्टेरॉल हिशोबात धरलं तरी फरक बराचसा उरलाच. आणि तो पायरीपायरीने होता. शिपायापेक्षा कारकून बरा, कारकुनापेक्षा अधिकारी. मागाहूनच्या अभ्यासात दिसलं की स्वतःच्या कामावर ज्यांचा ताबा नाही त्यांचं काळीज जास्त दुखावतं. हे वाचताना मला आपा दिसायची. ती कधी उठणार, किती कांड्या भरणार, कधी मूल होणार, पिशवी ठेवणार की काढणार, यातलं तिच्या हातात काय होतं?

अमेरिकेत आर्लिन जेरोनिमस या अभ्यासक बाईंनी १९९२ मध्ये काळ्या बायकांबद्दल एक शब्द वापरला, वेदरिंग. ऊन-पावसात दगड झिजतो ती झीज. तिथे गोऱ्या बाईचं मूल विशीच्या मध्यात झालं तर ते अधिक सुरक्षित असतं, पण काळ्या बाईच्या शरीराची झीज तोवरच सुरू झालेली असते, असं त्या म्हणाल्या. तेव्हा अनेकांना ते पटलं नाही. २००४ मध्ये एलिसा एपेल आणि एलिझाबेथ ब्लॅकबर्न यांनी आजारी मुलांची वर्षानुवर्षं शुश्रूषा करणाऱ्या आयांच्या पेशी तपासल्या. गुणसूत्रांच्या टोकांना बुटाच्या नाडीच्या टोकासारखं एक टोपण असतं, टेलोमिअर. वयाबरोबर ते आखूड होत जातं. सर्वांत जास्त ताण सांगणाऱ्या आयांची टोपणं कमी ताण असलेल्यांपेक्षा इतकी आखूड होती की जणू दहा वर्षांचा फरक. अभ्यास छोटा होता, ५८ बायकांचा, आणि टेलोमिअर म्हणजे वयाचं घड्याळ नव्हे हेही खरं. पण आपाच्या चेहऱ्याशी त्याचा मेळ बसतो.

एका आपावरून काही सिद्ध होत नाही, हे मला कळतं. तिच्यासारख्याच हालात राहून ऐंशीतही सरळ चालणाऱ्या बायका आमच्या गल्लीत आहेत. आम्ही दोघी एकाच आईबापाच्या असलो तरी आमच्या वाट्याला त्यांच्यातलं सारखंच आलं असेल असंही नाही. तरी मला माझा हिशोब मांडायचा आहे.

दुष्काळानंतर अब्बू कोल्हापूरला आले आणि शाहूपुरीत गुळाच्या अडत दुकानात हमालीला लागले. ही पेठ शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसवली ती व्यापारासाठीच. तीस-तीस किलोचे गुळाचे रवे अब्बूंनी आयुष्यभर पाठीवर वाहिले. पण रोजची हजेरी मिळायला लागली. अम्मी घरी राहिली. तिच्या वाट्याला दूध आलं, भाजी आली, फुटक्या रव्याचा गूळ तर फुकटच. १९७६ मध्ये मी झाले ती अशा घरात. अब्बूंनी मला दुकानातल्या गुळाच्या काट्यावर तोललं होतं, पावणेतीन किलो. अकीक्याला माझ्या केसांच्या वजनाइतकी चांदी दान केली. आपाचा अकीकाही माझ्याबरोबरच उरकला. तिच्या जावळाचं वजन कुठून आणणार, ते कधीच गेलेलं.

पुढे भाऊ झाला. अम्मी शेंगा फोडायला जायला लागली, आणि आपाची शाळा सातवीत सुटली. शाहू महाराजांनी १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग काढलं, १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. तरी त्यांच्याच पेठेत एका हमालाच्या मोठ्या मुलीला ऐंशीच्या दशकात घरी बसवलं गेलं, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. मी नऊ वर्षांची होते. ती भावाला कडेवर घेऊन नळावर जायची, भाकऱ्या करायची, माझी वेणी घालायची आणि मी शाळेला जायचे. दहावी, बारावी, डी.एड. पगार, रजा, बाळंतपणाची रजा. माझ्या दोन्ही बाळंतपणांत बाळंतिणीचं करायला कोण आलं होतं? आपाच. स्वतःच्या कांड्यांची मजुरी बुडवून.

म्हणून कुणी मला म्हणालं, "तुम्ही वयाच्या मानाने किती छान दिसता," की मला अवघडल्यासारखं होतं. वय कुठे गेलं ते मला माहीत आहे.

दुल्हेभाई गेल्यापासून आपा आमच्याकडेच असते. गुडघे वाकत नाहीत म्हणून खुर्चीवर बसून नमाज पढते आणि सजद्याला कपाळ टेकता येत नाही याचंच तिला सगळ्यात वाईट वाटतं. सध्या तिची धाकटी मुलगी सतवाशासाठी आलीये. सातवा महिना, वजन ४६ किलो. परवा ती सकाळी खालून पाण्याची कळशी भरून जिना चढून आली, आणि मी ओरडायच्या आत आपा ओरडली. पण जेवताना तीच आपा लेकीला सांगत होती, "जरा कमी खा. बाळ मोठं झालं की सिझर करतात."

मी तिला पुण्याच्या खेड्यांची गोष्ट सांगितली. पोटातल्या बाळाचं वजन, साखर, हाडं, जमेल तसं. ऐकताना तिचा चेहरा बदलत गेला. मला वाटलं, मी चूक केली. तिला हे अम्मीवर बोट ठेवल्यासारखं वाटत असेल. संशोधक आईच्या ताटाबद्दल बोलतात. ते ताट कुणाच्या हातात होतं हे प्रत्येक वेळी सांगायला हवं. मी घाईघाईने म्हटलं, अम्मीचा काही दोष नव्हता.

"वो मालूम है," आपा म्हणाली. थोडा वेळ गेला. मग तिने विचारलं, "मेरा वजन कितना था?"

"तुला कुणी तोललंच नाही."

ती काही बोलली नाही. उठून चुलीपाशी गेली, डाव्या हाताने कढई कलती केली आणि उरलेली मेथी सगळी लेकीच्या ताटात वाढली. वर एक उकडलेलं अंडं. मग आणखी एक.

सगळ्यांचं झालं तरी आपा जेवायला बसेना. प्लास्टर घातल्यापासून हे रोजचंच झालंय. डाव्या हाताने खाणं तिला जमत नाही असं नाही, बरं वाटत नाही, म्हणून सगळे उठून गेले की गुपचूप दोन घास खाते. त्या दिवशी मी उठलेच नाही. तिचं ताट वाढून घेतलं, भाकरी मोडली, आमटीत भिजवली आणि घास तिच्या तोंडापुढे धरला. तिने आधी दाराकडे बघितलं. मग तोंड उघडलं.

"नमक कम है," ती म्हणाली.